दोघांनीही किल्ली दिली नाही तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना गजर आहे. लोक मला घड्याळ म्हणतात, पण नुसती वेळ काय, भिंतीवरचं कुठलंही घड्याळ दाखवतं. गाढ झोपलेल्या माणसाला उठवून कामाला लावायचं, तर माझ्यासारखाच लागतो. माझ्या डोक्यावर दोन पितळी वाट्या आहेत, त्यांच्यामध्ये एक इवलासा हातोडा आणि पाठीवर दोन किल्ल्या, एक चालण्याची आणि एक ओरडण्याची. पाय तीन आहेत. त्यातला एक आखूड आहे, आणि त्याच्यामुळेच माझ्या आयुष्यात जे काही सांगण्यासारखं घडलं ते घडलं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, दुसरीने काटे लावले, तिसरीने पाय. ही तिसरी त्या दिवशी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिचं मूल घरी तापाने फणफणलं होतं आणि तिची वर्षाची रजा संपली होती. डोळे भिंतीवर आणि हात माझ्या पायावर, मग व्हायचं तेच झालं. तपासनिसाने मला टेबलावर ठेवलं तर मी एका बाजूला डुगडुगलो. तो म्हणाला, "चालतोय ना? मग जाऊ दे." मला त्या बाईचा राग कधीच आला नाही. तिचं मूल बरं झालं की नाही, एवढं मात्र कळायला हवं होतं.

दुकानात मी फार दिवस बसलो नाही. एक नवरा-बायको आले. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती चष्म्याच्या काचा घासायची. दोघांनाही कामाला पहाटे निघावं लागे. दुकानदाराने माझा गजर वाजवून दाखवला तेव्हा शेजारच्या दुकानातला माणूस धावत बघायला आला. लिफ्टवाला हसून म्हणाला, "हाच द्या. हा आमच्या हिलासुद्धा उठवेल." बायकोने त्याला कोपराने ढोसलं आणि मी त्यांच्या घरचा झालो.

दोन खोल्यांचं घर होतं, पहिल्या मजल्यावर, खिडकीखाली अरुंद गल्ली. मला कपाटावर ठेवलं तर मी इथेही डुगडुगलो. बायकोने एका कागदाची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. त्या घडीवर तिने आधीच लिहून ठेवलं होतं, 'दूध तापवून ठेवलंय.' संध्याकाळी नवऱ्याने किल्ली द्यायला मला उचललं आणि चिठ्ठी वाचली. त्या दिवसापासून घरातले सगळे निरोप माझ्या पायाखालून जाऊ लागले. दोघांच्या वेळा जुळत नसत. तिची साप्ताहिक सुट्टी रविवारी आणि त्याची बुधवारी, कारण रविवारीसुद्धा लोक वरच्या मजल्यांवरच राहतात. बोलायला सवड नव्हती, पण मला रोज कुणी ना कुणी उचलायचंच. नियम साधा होता. दुसऱ्या दिवशी ज्याला कामावर जायचं, त्याने किल्ली द्यायची. दोघांनाही जायचं असेल तर नवऱ्याने.

मग त्यांना मुलगी झाली. घरभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. ती शाळेत जाऊ लागली आणि मला एक नवाच हिशोब कळला. नवऱ्याला वर्षाला वीस दिवस रजा, बायकोला वीस. शाळा मात्र रविवार सोडून ऐंशी दिवस बंद. शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी भिंगरीला चाळीस बटणं दिली होती, वीस पांढरी आईची आणि वीस निळी बाबांची. ती माझ्या शेजारी काचेच्या बरणीत असत. कुणी रजा घेतली की भिंगरी एक बटण काढून काकूंना परत देई. बटण उरलं नाही की भिंगरीच काकूंकडे जाई.

आता हे दोघे काही वेडे नव्हते. एकाच दिवशी दोघांनी रजा घेणं म्हणजे उधळपट्टी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोठ्या सुट्टीत आधी आईचे दहा दिवस, मग बाबांचे दहा दिवस, आणि मधे काकू. त्यामुळे भिंगरी आईबरोबर फिरली, बाबांबरोबर फिरली, पण दोघांबरोबर फारशी नाहीच. माझंही तसंच. एक घरी असला तरी दुसरा कामावर जाणारच, म्हणून मला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ओरडावं लागे. मी कुरकुर करत नव्हतो, उलट ऐटीतच होतो. "हा कधी चुकत नाही," असं बाबा पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझ्या वाट्यांना आणखी चकाकी येई.

पण एक गोष्ट अडली. भिंगरीला सायकल येईना.

मुलगी धडधाकट होती, सायकलही ठीक होती. भानगड अशी की रविवारी आई शिकवायची आणि बुधवारी संध्याकाळी बाबा. आई काचा घासणारी, जपून काम करणारी. ती म्हणे, "आधी ब्रेक दाबायला शीक. थांबता आलं की सगळं आलं." बाबा म्हणत, "आधी वेग येऊ दे. तोल आपोआप येतो." रविवारी भिंगरी थांबायला शिके आणि बुधवारी ते विसरायला. बाबा मागून धरत, पण पुढे बघायला कुणी नसे. आई पुढून हाका मारी, पण मागून धरायला कुणी नसे. दोन वर्षं झाली. गुडघ्यांवरच्या खपल्या तेवढ्या वाढल्या.

तशात शाळेने चौथीच्या वर्गाची सहल ठरवली, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, सायकलवरून तळ्यापर्यंत. ज्यांना सायकल येत नाही त्यांनी बाईंच्या गाडीत डब्यांच्या पिशव्या सांभाळत बसायचं. वर्गात सायकल न येणारी एकटी भिंगरीच होती. घरी येऊन ती रडली नाही. फक्त माझ्याशेजारी उभी राहून बरणीत बघत राहिली. बरणीत दोनच बटणं उरली होती, एक पांढरं आणि एक निळं. आणि वर्ष संपायला अजून दोन महिने होते.

तीही दोन आधीच ठरलेली होती. शाळेत पाण्याची पाइपलाइन बदलायची होती म्हणून सोमवार-मंगळवार शाळा बंद. सोमवारी बाबा घरी राहणार, मंगळवारी आई. पण बाबांना सोमवारी एका दवाखान्यातली मोठी लिफ्ट उघडायची आहे, हे आईच्या लक्षात होतं. तो बोलत नाही, पण त्याची ओढाताण होईल, असं तिच्या मनात आलं. आदल्या शनिवारी तिने कामावर सांगून आपली रजा सोमवारी घेतली. रविवारी दुपारी कपाट पुसताना तिने माझ्या पायाखाली चिठ्ठी ठेवली. 'सोमवारी मी राहते. तू मंगळवारी घे.'

इकडे दवाखान्याचं काम आठवड्याने पुढे गेलं होतं आणि बाबा ते सांगायचं विसरले होते. सोमवारी आपली रजा आहे, या समजुतीत ते रविवारी कामावरून आले, जेवले आणि गळणाऱ्या नळाबद्दल बोलत बोलत झोपले. उद्या कामावर जायचं नाही म्हणून त्यांनी मला किल्ली दिली नाही. किल्ली दिली नाही म्हणून मला उचललं नाही, आणि मला उचललं नाही म्हणून चिठ्ठी वाचली नाही. आई निश्चिंत होती. किल्ली बाबा देणार, असं ती धरून चालली. इतकी वर्षं माझ्या पायाखालचा निरोप कधी चुकला नव्हता, त्यामुळे तोंडाने सांगायची सवयच दोघांची मोडली होती.

मित्रांनो, मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदाच. पावणेतीनला माझ्यातला दम संपला.

जाग आली ती उन्हाने. आई धडपडत उठली.

"अरे, उठ! आठ वाजून गेले असतील. तुला उशीर झाला!"

"मला कशाला? तुला उशीर झालाय," बाबा डोळे चोळत म्हणाले. "मी आज रजेवर आहे."

"तू नाही, मी रजेवर आहे!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबांनी मला उचललं, कानाशी लावलं, हलवलं आणि खालची चिठ्ठी उघडली. ती वाचून त्यांचा चेहरा असा झाला की मला कपाटामागे लपावंसं वाटलं. इतकी वर्षं न चुकणारा मी, आणि बंद पडलो तो नेमका तेव्हा!

"म्हणजे दोन्ही रजा आजच गेल्या?" आई खाली बसली. "उद्याचं काय? आणि वर्षअखेरपर्यंत ही आजारी पडली तर?"

बाबा घाईघाईने कामाचे कपडे घालू लागले. "आत्ता पळतो. साहेबांच्या हातापाया पडतो. अर्धा दिवस तरी वाचेल."

त्यांनी एक बूट घातला. दुसरा हातात होता, तेव्हा भिंगरी दारात येऊन उभी राहिली. तिने सायकल जिन्यावरून धडाधड खाली नेली होती आणि परत वर आली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही मागून धरा ना. आणि आई पुढे उभी राहील. एकदाच. तुम्ही दोघं कधी एकत्र नसताच."

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तुझं तू ठरव." पण ती चप्पल शोधायला लागली होती.

बाबांनी बूट काढला. जाता जाता मला खिडकीत ठेवलं. "याला नंतर बघू," म्हणाले. त्यामुळे मला गल्ली पूर्ण दिसली. माझे काटे पावणेतीनवर होते आणि खाली माझी माणसं होती.

पहिल्या दोन फेऱ्यांत तीच जुनी रड झाली. बाबा ओरडले, "वेग घे!" आई ओरडली, "ब्रेक!" भिंगरी बिचारी दोन्ही करायला गेली आणि भिंतीवर आदळली. गुडघ्यावरची खपली निघाली. मग आई म्हणाली, "आपण आधी ठरवू या. तू फक्त निघायचं सांग, मी फक्त थांबायचं सांगते." इतकं साधं होतं ते! पण त्यासाठी दोघं एका गल्लीत एका वेळी उभी असायला हवी होती. काकू शिवण टाकून दारात आल्या. बाबा मागून धावले, भिंगरीचे डोळे समोर आईवर, आणि गल्लीच्या मध्यावर बाबांनी हात सोडला. भिंगरीला ते कळलंच नाही. ती सरळ आईपर्यंत गेली, ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि मागे वळून बघितलं, तर बाबा कितीतरी लांब कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे.

मला वाजावंसं फार वाटलं. पण किल्लीच नव्हती.

त्या दिवशी कुणी वेळ विचारली नाही. दुपारी तिघं जमिनीवर बसून जेवली आणि तिथेच लवंडली. दहा-अकरा वर्षं त्या घरात राहून मी त्या तिघांना दुपारच्या उजेडात एकत्र झोपलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मीही निवांत होतो. बंद पडण्याची लाज दुपारपर्यंत पार गेली होती.

सगळं गोडच झालं, असं मी सांगणार नाही. मंगळवारी भिंगरी सकाळी काकूंकडे आणि दुपारी बाबांच्या लिफ्टच्या गोदामात एका खोक्यावर बसून होती. पुढच्या महिन्यात तिला खरंच ताप आला. बरणी रिकामी होती. आईने पाण्याची पट्टी तिच्या कपाळावर ठेवली, काकूंना दहा वेळा बजावलं आणि ती कामावर गेली. तिने दारातून वळून जसं बघितलं, तसंच माझा पाय बसवणारी बाई भिंतीकडे बघत होती. तेव्हा कुणी मला विचारलं की एवढी रजा आईबापांना पुरते का, तर मी सांगेन की पाळ्या लावल्या तरी मुलाचे सगळे दिवस भरून निघत नाहीत, आणि एकत्र राहायला तर काहीच उरत नाही.

पण भिंगरी सहलीच्या शनिवारी तळ्यापर्यंत सायकलवर गेली. परत आल्यावर तिने गल्लीत इतकी घंटी वाजवली की मला हेवा वाटला.

नव्या वर्षी चाळीस बटणं आली तेव्हा काकूंनी एक पांढरं आणि एक निळं बटण एकाच दोऱ्यात ओवून घट्ट गाठ मारून दिलं. आई म्हणाली, "हे सुटं करायचं नाही. कितीही अडलं तरी नाही." पुढे अडलंही खूप, पण गाठ कुणी सोडली नाही. दरवर्षी एक दिवस दोघंही घरी राहत, आणि आदल्या दिवशी मला मुद्दाम कुणी किल्ली देत नसे.

पुढे फोन आले. ते वाजतात, गातात, हवा कशी आहे तेही सांगतात. मी खणात गेलो, बटणांच्या बरणीशेजारी. बरीच वर्षं अंधारात काढली. ती रजा नव्हती, मित्रांनो. रजा तीच, जिच्यानंतर आपली कुणीतरी वाट बघत असतं.

मग एके दिवशी खण उघडला. भिंगरी आता मोठी झाली आहे. ती दवाखान्यात रक्त तपासते, तिचा नवरा बस चालवतो आणि त्यांना एक लेक आहे. भिंगरीने मला घड्याळजीकडे नेलं. त्याने पोट साफ केलं, तेल दिलं आणि म्हणाला, "हा पायही सरळ करून देतो."

"नको," भिंगरी म्हणाली. "त्याखाली चिठ्ठी ठेवायची असते."

आता तिची लेक रोज मला किल्ली देते. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला जपा. किल्ली हलक्या हाताने द्या, जास्त पिळू नका. धूळ पुसा, पाडू नका. काल संध्याकाळी लेक नेहमीसारखी किल्ली द्यायला आली, तर भिंगरीने तिचा हात धरला. "आज नको गं. उद्या यालाही रजा."

म्हणून शेवटी एकच मागतो. कामाच्या दिवशी, भर दहा वाजता, कुणाच्या खिडकीत एखादं घड्याळ बंद दिसलं, तर लगेच त्याला किल्ली द्यायला धावू नका. आधी खाली गल्लीत बघा.