खांड

उरनिगारने खांद्यावरची जवाची गोणी निनकल्लाच्या दारात अलगद उतरवली आणि हाक न मारता तो माघारी वळला. पण ती अंगणातच होती, बोरूच्या कुडाआड, लेकीचे केस विंचरत.

“भावजी, गोणी विसरलात.”

“विसरलो नाही. तुमच्यासाठीच आणलीय, वहिनी.”

निनकल्ला उठली नाही. कुडापलीकडे तिचं शेत अजून पाण्याखाली होतं आणि कुजलेल्या जवाचा वास थेट अंगणात येत होता. लेकीला, एझेमला, तिने न्हाऊ घातलं होतं. उद्या सकाळी बाऊदेवीच्या देवळाची होडी येणार होती आणि एझेम तिथल्या विणकामाच्या शाळेत मागावर बसायला जायची होती. तिला तिथे पोटभर मिळेल, इथे एक तोंड कमी होईल. मागावर बसलेली पोर पुन्हा घरी येत नाही हे गिरसूच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

उरनिगार गावचा पाटकरी. पाटाचं पाणी वाटायचं, बांध राखायचे. इदिगना नदीला पूर येतो तो नेमका कापणीच्या तोंडावर. यंदा पुराच्या पहाटे पाटातलं पाणी बांधाच्या काठाला आलं आणि त्याचा स्वतःचा उभा जव आता जातो की मग जातो असं झालं, तेव्हा त्याने पलीकडच्या बांधावर कुदळ मारली. थोडंसं पाणी पडीक रानात सोडावं, एवढंच मनात होतं. पण सांगितलेल्या वाटेने गेलं तर ते पाणी कसलं. बघता बघता बांधाला पडलेली खांड रुंदावली आणि निनकल्लाचं पीक गेलं. मग त्यानेच बोंब ठोकली, त्यानेच छातीभर पाण्यात उभं राहून बोरूचे भारे दाबून धरले. गावाने तेवढंच पाहिलं. देवळापुढे लोकांनी त्याचं नाव घेऊन मद्याचा घडा रिकामा केला. ज्याच्यामुळे बांध फुटला त्याने बुडालेलं पीक भरून द्यायचं, अशी रीत होती; पण बांध कसा फुटला, हे कुणी विचारलंच नाही.

निनकल्लाने एझेमला पाणी आणायला धाडलं.

“गोणी परत न्या. मला ती घेता यायची नाही.”

शेजारधर्म आहे, तुमचे मालक मला भावासारखे होते, असं उरनिगार काहीबाही बोलत राहिला. ती नाही नाही अशी मान हलवत होती. शेवटी खालच्या आवाजात तिने सांगून टाकलं. हिवाळ्यात भाकरीची भट्टी लिंपायला तिने बांधाची माती काढली होती. चांगली चिकट माती होती म्हणून पुन्हाही काढली होती. तिथेच, जिथे खांड पडली.

“तुम्ही पाटकरी. खरं सांगा. माझ्यामुळंच फुटला ना?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्यामागून, मग कशानं, हे आलंच असतं. उरनिगार गोणीची गाठ चाचपत उभा राहिला.

“कधी कधी तेवढ्यानंही फुटतो,” तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. मग पुढे होऊन त्याचा हात आपल्या कपाळाला लावला.

“तुम्हाला ठाऊक होतं. तरी गावात बोलला नाहीत.”

घरी बायकोने विचारलं तेव्हा, ती घेत नाही, एवढंच तो म्हणाला आणि भाकरी न मोडता ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी खांड बुजवायला गाव पाळीपाळीने लागलं होतं. निनकल्ला उशिरा आली, एझेमला होडीत बसवून थेट धक्क्यावरून. तिची पाळी नव्हती. कामावरच्या मुकादमावर जीव जडला की काय, फुकट राबतेस, असं बायांनी डिवचलं. नवस आहे, म्हणून ती मातीची पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. उरनिगार समोरून आला की बाजूला होऊन वाट देत होती. त्याने जिथे कुदळ मारली होती तिथेच ती माती ओतत होती आणि हाताने थापून बसवत होती.

तिची पुढची पाटी त्याने मध्येच धरली.

“वहिनी, तुमच्या मातीनं नाही फुटला.”

“काल तर म्हणालात...”

“इथं मी कुदळ मारली होती. माझं शेत वाचवायला.”

तो हळूच बोलला, पण मागून येणाऱ्या बाया पाट्या घेऊन जागीच थांबल्या. निनकल्लाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर नदीकडे गेली. देवळाची होडी वळणावर पोचली होती. लव्हाळ्यावरून तिचं उंच टोक क्षणभर दिसलं, मग दिसेनासं झालं.

पाटी अजून दोघांच्याही हातात होती.

“काल विचारलं होतं मी,” निनकल्ला म्हणाली.