उ-च्या डोक्यावरची रेघ

मी शाईची एक वाकडी रेघ बोलतेय. नखाच्या कातरणाएवढी. ओळखलं नाहीत ना? चालतं. आमच्या घरचेही ओळखत नाहीत, आणि ते तर स्वतःला वारसदार म्हणवतात.

जुन्या जर्मन लिपीत 'उ' आणि 'न' सेम टू सेम दिसतात. म्हणून 'उ'च्या डोक्यावर माझ्यासारखी एक रेघ काढतात. मी असले तर 'हाउस', म्हणजे घर. नसले तर 'हान्स', म्हणजे कुणाचातरी पोरगा.

मला काढलं क्रेसेन्झने. गावातल्या बाया गाई दोहताना जे गाणं गायच्या, ते तिने टाकाने कागदावर उतरवलं.

मग आला तिचा पणतू फोल्कमार. गायकवृंदाचा म्होरक्या, वारसा वारसा करत फिरणारा. कागद चौकटीत घालायच्या आधी त्याने तो ब्लेडने 'साफ' केला. माझ्या सगळ्या बहिणी माशीची घाण समजून खरवडल्या शहाण्याने! मी अगदी काठावर होते, त्याच्या नजरेतून सुटले, म्हणून वाचले; मग चौकटीच्या लाकडाखाली दबले.

तेव्हापासून त्याचा वृंद गातो, 'माझा हान्स बुटका, वारा त्यातून वाहतो, पावसात हान्स गळतो.' आणि गाताना हा, ऐकताना लोक डोळे पुसतात! गळणाऱ्या पोरासाठी!

क्रेसेन्झच्या जुन्या घरात राहणारी वालबुर्गाआत्या, तिची सख्खी नात, सांगून थकली की अरे, गळतं ते घर. तर हा म्हणे, आत्या, तुझे डोळे गेलेत.

मग याने तेच घर विकायला काढलं. गिऱ्हाईक बाईंना सांगितलं की आत्या खुशीने वृद्धाश्रमात चाललीय. कॉफी झाली, आलुबुखारचा केक झाला. शेवटी पठ्ठ्याने मला भिंतीवरून काढलं आणि बाईंपुढे धरलं. घरासोबत हे फुकट, म्हणे. झाला वारसा.

आत्याने चौकट ओढून घेतली, मागून उघडली, माझ्याखाली बोट ठेवलं आणि वाचलं, "ज्याला माझं घर हवं त्याने घ्यावं. चुलीपाशी मी बसलेली असेन, मलाही घ्यावं."

बाईंनी काटा खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला जायचं नाहीये?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या."

"आत्या, ते नुसतं गाणं आहे गं."

"हो का? मग इतकी वर्षं रडत काय होतास?"

बाईंनी आत्याची माफी मागितली आणि घर न घेताच निघून गेल्या. फोल्कमार तोंड पाडून गेला. अजून 'हान्स'च गातो, कारण म्हणे पोस्टरं छापून झालीत.

मी आता स्वयंपाकघरात, खिळ्याला टोचलेली. तेलाचे डाग पडलेत, पण दबलेली नाही. तुमच्याकडे कुणाचं जुनं अक्षर असेल तर मिरवण्याआधी ते वाचा. येत नसेल तर घरातल्या म्हातारीला विचारा, लाज वाटली तरी विचारा.

चला, आत्या बटाटे सोलायला बसली. आता गाईल. बेसूर गाते, पण आपल्या घरात बसून गाते.