सोमवारचा तास

"वेदिकाले काहून खाली बसवलं?" प्रेमिलाने स्टेजच्या पडद्याआडून खाली डोकावत विचारले.

नाच बसवणाऱ्या काजल मॅडम पोरींच्या हातांत पांढरे हातमोजे चढवत होत्या. "तिले गाणं ऐकू येत नाही नं मॅडम! ठेका चुकते तिचा. सगळी लाइन बिघडते."

प्रेमिलाच्या तोंडाची चवच गेली. अख्ख्या शाळेत बहिरी पोर एकच, सातवीतली वेदिका. वर्गाने तिच्याशी चार शब्द बोलावेत म्हणून तर प्रेमिला पंधरा दिवस धंतोलीहून स्कूटीवर येत होती, पोरांना खुणांची भाषा शिकवत होती. आणि आज बधिर दिनाला तीच खाली, पाहुण्यांच्या शेजारी, दाखवायला ठेवल्यासारखी!

पण मुख्याध्यापक श्रीधर सरांनी शब्द दिला होता. "प्रोग्राम झकास होऊ द्या मॅडम, मग दर सोमवारी एक तास तुमचा. पक्का." त्या तासासाठी प्रेमिला गप्प बसली. तिचे बाबा बहिरे होते. हिंगण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षे राबले, पण 'चहा घेतो का' यापलीकडे तिथे त्यांच्याशी कोणी बोलले नाही.

पडदा उघडला आणि प्रेमिलाला शिसारी आली. तिने शिकवलेल्या खुणा काजल मॅडमनी बदलून टाकल्या होत्या. स्टेजवर उठून दिसत नाहीत म्हणे! 'मैत्रीण', 'पाणी', 'ये, बस' यातले काहीच उरले नव्हते, नुसते मोजे फडफडत होते. एखादा तरी शब्द लागतो का, म्हणून वेदिका डोळे ताणून पाहत होती. मग तिने मान खाली घातली. टाळ्या मात्र अशा पडल्या की विचारू नका. पाहुणे माइकवर गहिवरले, "या बिचाऱ्यांची भाषा किती सुंदर!" कसली भाषा नि कसले काय! ओकारी यावी असले ते कौतुक.

मग प्रेमिलाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ, वर फ्रेम केलेले प्रमाणपत्र.

"सर, सोमवारपासून येऊ नं मी?" तिने हळूच विचारले.

श्रीधर सर कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. "आता कुठं मॅडम? पोर्शन मागं पडून राहिला. एका पोरीसाठी तास कुठून काढू? पुढच्या वर्षी बसवू नं पुन्हा प्रोग्राम."

स्टेजच्या पायऱ्यांशी वेदिका उभीच होती. तिने खुणेने विचारले, "सोमवारी?"

प्रेमिलाचे दोन्ही हात भरलेले. तिला उत्तर देता येईना. आपलीच खूण चुकली असे वाटून पोरीने पुन्हा तेच विचारले, सावकाश, नीट.

प्रेमिलाने नारळ पायरीवर ठेवला. गुच्छ ठेवला, शाल ठेवली, प्रमाणपत्र पालथे घातले. मग मोकळ्या हातांनी तिने 'नाही' म्हणून सांगितले.