सदतीस डब्या

थोरलीला धाकटीचं काही म्हणता काही बघवत नसे. दवाखान्यात या दोघीच आरोग्यसेविका. नात्यानं एकमेकींच्या कुणी नव्हेत, पण वयावरून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीनं बावीस वर्षं घरोघर फिरून टाचा झिजवल्या होत्या. धाकटीला येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि तिला दारात बघितलं की लोक खुर्ची पुढे करायचे. थोरलीला बघितलं की म्हणायचे, "बाई, आज जरा घाईत आहे." आता सांगा, कुणाचं पित्त खवळणार नाही?

त्यात आली डब्यांची मोहीम. पन्नाशीपुढच्या माणसांनी घरीच शौचाचा नमुना घ्यायचा. बोटाएवढ्या डबीत काडीनं जरासा घालायचा, झाकण लावायचं, वर नाव लिहून बाईंकडे द्यायचं. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त असलं तरी तपासणीत कळतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत सापडला तर माणूस वाचू शकतो, हे दोघींनी दारोदार सांगायचं. प्रत्येकीला चाळीस डब्या. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर फळा लावला आणि कुणाच्या किती परत आल्या ते रोज खडूनं लिहायला लागल्या. त्या बिचारीला वाटलं, दोघींना हुरूप येईल. हुरूप कसला डोंबलाचा, थोरलीच्या जिवाला घोर लागला.

ती दारात उभी राहून खणखणीत सांगायची, "रक्त दिसलं की मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका! लाजायचं काय त्यात?" गल्लीभर ऐकू जायचं. मग शिंपी म्हणायचा, "बाई, माप मागा, देतो. हे भलतंच काय मागताय?" निवृत्त हेडमास्तरांनी तर तोंडावर दार लावलं. धाकटी मात्र आत जाऊन बसायची, पाणी मागायची, नातवंडाची चौकशी करायची आणि उठताना हळूच डबी टेबलावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी डबी भरून हजर! काय जादू करते मेली, म्हणून थोरली दातओठ खायची.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी फळ्यावर धाकटीच्या छत्तीस, थोरलीच्या बत्तीस. गल्लीतला एक रंगारी, जो सख्ख्या भावाला दारात उभं करत नाही, त्यानंही धाकटीला डबी दिलेली. थोरलीला जेवण गेलं नाही.

सकाळी तिनं न्हाणीघराची कडी लावली आणि पाच डब्या एकदमच भरल्या. स्वतःच्याच नमुन्यानं. वर नावं शिंप्याची, त्याच्या बायकोची, हेडमास्तरांची, कुलूपवाल्याची आणि इस्त्रीवालीची. तीही पाच वेगळ्या पेनांनी लिहिली. तीन डब्या कोऱ्याच परत केल्या, कारण चाळीसच्या चाळीस आल्या असत्या तर डॉक्टरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली असती. नमुना म्हणजे नमुना, माणसाचाच आहे ना, असं तिनं मनाला समजावलं. तिला स्वतःला कधीमधी लाल दिसायचं, पण ती मूळव्याध. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

फळ्यावर सदतीस लागले. धाकटी टाळ्या वाजवत म्हणाली, "ताई, तुमच्याकडून शिकायला हवं." हरूनसुद्धा ही हसते, याचाच थोरलीला जास्त राग आला.

तीन आठवड्यांनी निकाल आले. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "धाकटीकडे एकाच्या डबीत रक्त निघालंय, रंगाऱ्याच्या. तुमच्याकडे पाच."

पाच! एकाला पाच! खोटं कशाला बोला, क्षणभर थोरलीची छाती फुगलीच.

मग बाईंनी नावं वाचली. शिंपी. त्याची बायको. हेडमास्तर. तिसऱ्या नावाला थोरलीच्या ध्यानात आलं. उरलेली दोन तिला ऐकायची गरजच नव्हती. पाच माणसं नव्हतीच ती. एकच होतं.

"रक्त म्हणजे कॅन्सरच, असं नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "पण आत कॅमेरा घालून बघायलाच हवं. मोठ्या इस्पितळात आपल्याला तीन महिन्यांतून पाचच जागा मिळतात, आणि माणसं झाली सहा. एकाच गल्लीतले पाच, म्हणजे पाणीसुद्धा तपासून घ्यायला हवं." त्या आतल्या खोलीत इस्पितळाला फोन लावायला गेल्या.

थोरलीचं डोकं भराभर चाललं. पाचही जणांनी जायला नकार दिला असं लिहून टाकलं की मिटलं. मग आपण सावकाश नवी डबी द्यायची, आपल्या नावानं. तीन महिने थांबायचं. कोण विचारतंय? नोकरीची तीन वर्षं राहिली होती, अब्रू राहिली असती.

एवढ्यात धाकटीनं यादी पुढे ओढली. "माझ्या रंगाऱ्याला पुढच्या वेळी पाठवू. त्याचं वजन उतरलंय, पण तुमच्याकडे नवरा-बायको दोघं आहेत, ताई. मी समजावते त्याला." आणि तिनं त्याच्या नावावर पेन टेकवलं.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कामात ही पुढे, गोडव्यात ही पुढे, आणि आता माझ्या खोट्यापायी आपल्या माणसाची जागा सोडून चांगुलपणातही हीच पुढे? नाही म्हणजे नाही!

"खोडू नकोस त्याला!" ती ओरडली.

"अहो, पण तुमचे पाच..."

"पाच नाहीत. सगळ्या डब्यांत मीच आहे."

धाकटीला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे शिंप्याच्या डबीत मी, हेडमास्तरांच्या डबीत मी. त्या घरांत कुणी झाकणसुद्धा उघडलं नाही. तुझ्या पुढे जायचं होतं मला. एका डबीनं का होईना."

आता ही हसेल, नाहीतर धावत जाऊन बाईंना सांगेल, म्हणून थोरली वाट बघत राहिली. धाकटी यादीकडे बघत होती. मग तिनं अगदी हळू विचारलं, "पाचही डब्यांत रक्त निघालं, ताई?" आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"अगं मेले," थोरली म्हणाली, "निदान रडायला तरी मला आधी मिळू दे!"

आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली, "जागा पक्क्या झाल्या. नावं सांगा, फोन चालू आहे."

"पहिलं रंगाऱ्याचं घ्या," थोरलीनं नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं. "दुसरं..." पण दुसरं सांगताना तिचा आवाज फुटला, आणि ते नाव धाकटीला सांगावं लागलं.