दोन छपरांची एक भिंत

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर आता मी अर्धीच उरले आहे. बाकीची अर्धी कुठं गेली ते सांगते. जरा धीरानं ऐका.

वैनगंगेच्या घाटाकडे उतरणारी आमची गल्ली. लोक तिला घाटगल्ली म्हणतात. माझा जन्म तिथलाच. नदीकाठची चिकण माती बैलगाडीतून आली, तिच्यात धानाचं तणीस मिसळलं, पाणी ओतलं आणि दोन घरच्या माणसांनी ती पायांनी तुडवली. एका घरचे ढिवर, नदीत जाळं टाकणारे. दुसऱ्या घरचे गावाकडची शेती सोडून शहरात आलेले. दोघांनाही घर बांधायचं होतं आणि दोघांची ऐपत सारखीच, म्हणजे थोडकी. म्हणून त्यांनी दोन घरांमध्ये मिळून एकच भिंत घातली. थरावर थर चढला, ऊन लागलं, मी वाळले. मग माझ्या माथ्यावर इकडून एक मयाल टेकली, तिकडून एक. मयाल म्हणजे छपराचं मोठं आडवं लाकूड. त्या दिवसापासून दोन्ही छपरांची कवेलू, म्हणजे कौलं, मीच तोलून धरली.

गल्लीत सगळ्यांचं असंच होतं. घराला घर लागून, भिंतीला भिंत चिकटून. वरच्या टोकाच्या बाजारापासून खाली घाटाच्या पायऱ्यांपर्यंत मध्ये बोट जाईल एवढी फट नव्हती.

मातीची भिंत माणसाच्या हातांवर जगते, मित्रांनो. दर पावसाळा सरला की तिला शेणामातीनं लिंपावं लागतं, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावा लागतो. माझी एक बाजू ढिवरांच्या घरची गोदावरीबाई पोतायची, दुसरी शेती सोडून आलेल्या घरातल्या भैयालालची बायको बायाबाई. माझ्या पोटात एक आरपार कोनाडा होता. त्यातून विस्तव जायचा, मीठ यायचं, कालवणाची वाटी जायची, आणि दिवसभर बोलणं तर वाहतंच राहायचं.

"काय वं बाया, तुह्या बाजूनं पोतलं का नाई अजून? माहीवाली तं नवरी दिसून राहिली."

"तुहीवाली नवरी, तं माहीवाली करवली. राहू दे!"

मी मध्ये उभी. एका अंगानं नवरी, दुसऱ्या अंगानं करवली. असं सुख कोणत्या भिंतीला मिळतं?

गोदावरीबाईला मूलबाळ नव्हतं आणि नवरा फार लवकर गेला होता. ती सकाळी घाटावर उतरायची, नावेतून आलेले झिंगे टोपलीत घ्यायची आणि वर बाजारात बसून विकायची. तेच तिचं पोट. मग तिच्या डोळ्यांवर पडदा आला. शिबिरात डोळे कापले, हिरवी पट्टी बांधली, पट्टी सुटली. पण उजेड काही परत आला नाही. लोक हळहळले की आता बाईचं कसं होणार.

दुसऱ्याच आठवड्यात ती टोपली घेऊन निघाली. एक हात टोपलीला, एक हात भिंतीला. एक घर सरलं की दुसरं हाताला लागायचं. कुठं दार आलं तर चौकट लागायची आणि चौकटीतून कोणीतरी म्हणायचं, "गोदाबाई, आज झिंगे ताजे हायेत का तुह्यावानी शिळे?" ती हसून शिवी द्यायची आणि पुढं सरकायची. चालताना स्वतःशीच गुणगुणायची,

भिंतीले भिंत लागे, घराले लागे घर,
येतो वं माय गंगे, गल्लीचा धरून पदर.

माझ्या गल्लीकडच्या टोकावरून तिचा हात रोज फिरून जायचा. ओला, मासळीच्या वासाचा, खरबरीत हात. मला एक गोष्ट तेव्हाच कळली होती. गल्लीबाहेर गोदावरीबाई आंधळी होती, गल्लीत नव्हती.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भैयालालच्या मुलांनी हायवेपलीकडच्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला. इथलं घर विकायचं ठरलं. घरांची दलाली करणारा गोपीचंद एका सकाळी गिऱ्हाईक घेऊन आला. तोंडात पान, बगलेत छत्री. गिऱ्हाईक म्हणजे मधुकरराव. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त व्हायला आले होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं.

"पाहा साहेब," गोपीचंद म्हणाला, "दारातून निघाले का घाट. घाटावरून वर चढले का मंदिर. मंदिरामागं बाजार. चप्पल झिजली तं झिजली, बाकी काई खर्चा नाई."

"हेच पाहिजे मला," मधुकरराव म्हणाले. "सगळा जन्म बसची वाट बघण्यात गेला. भाजीला बस, डॉक्टरला बस. आता जे काय ते पायी." त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी माझ्यावर थाप मारली. "ही मधली भिंत कोणाची?"

भैयालालनं गोपीचंदकडे पाहिलं. गोपीचंदनं पानाची पिंक टाकली. "घरासंगच हाय, साहेब. भिंत का वेगळी तोलून विकते कोनी?"

गोपीचंद आणि मधुकरराव हसले. तेवढ्यात कोनाड्यातून गोदावरीबाईचा आवाज आला, "कोन पाहुने आले वं बाया? चहा मांडू का?"

"बाजूची म्हातारी हाय," भैयालाल घाईनं म्हणाला. "बोलत राहते अशीच." आणि त्यानं पाहुण्यांना परसात नेलं.

घर विकलं गेलं. सामान बांधून झाल्यावर बायाबाई कोनाड्याशी आली.

"गोदाबाई, भिंतीचं सांगतलं नाई माह्या मानसानं त्यायले."

"काहून?"

"अर्धी भिंत म्हनलं तं भाव पडते, असा तो गोप्या म्हने."

पलीकडून गोदावरीबाई म्हणाली, "जाय तू. नवं घर पाह्य. तिथं भिंत सपन असन, तं दोन्ही बाजूनं तूच पोत."

सपन म्हणजे संपूर्ण, अख्खी. बायाबाईला हसू आलं नाही. कोनाड्यातून तिनं हात घातला, पलीकडचा हात धरला आणि गाडी सुटायची हाक आली तसा सोडला.

मधुकररावांना जुनं घर ठेवायचं नव्हतं. त्यांना स्लॅबचं घर हवं होतं. छप्पर उतरलं, कवेलू अंगणात रचली गेली, आणि एके दुपारी भोजराज मिस्त्री माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तेव्हा गोदावरीबाई चौकट धरून बाहेर आली.

"साहेब, माह्या घराची मयाल हाय त्या भिंतीवर. भिंत गेली का घर गेलं माहं. मंग मी कुठं जाऊ?"

मधुकरराव थबकले. "मला तर कोणी सांगितलं नाही. मी अख्ख्या भिंतीसकट घर घेतलंय."

"घेतलं असन. पन विकनाऱ्याची अर्धीच होती ना."

त्यांचा चेहरा लाल झाला. आपण फसवले गेलो हे त्यांना कळलं होतं आणि राग काढायला भैयालाल समोर नव्हता. पण माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "ठीक आहे. तुमची अर्धी ठेवतो. माझी अर्धी काढतो."

"साहेब, भिंत का भाकर होय, अर्धी मोडाले?" भोजराज म्हणाला. "बरं, मोडतो. पन मंधात मानूस उभा जाईन एवढी जागा सोडा. बाईले पोताले लागन."

"तेवढी सोडली तर माझी खोली किती उरेल?" मधुकररावांनी विचारलं. भोजराजनं माझ्या माथ्यावर मापाची दोरी ताणली.

मला उभी कापली, मित्रांनो. दोन हात रुंद होते, एक हात उरले. कोनाड्याला आता पाठ नव्हती, म्हणून त्यात दगड भरले. मग माझ्या उघड्या पाठीसमोर मधुकररावांची विटांची भिंत चढली. नवी, सरळ, सिमेंटची. आमच्यात अंतर राहिलं एका वितीचं.

त्या वितीनं मला मारलं. भिंत खणून मारता येते, तशी हात पोचू न देताही मारता येते. दिवाळीआधी गोदावरीबाईनं काठीला फडकं बांधलं, पांढऱ्या मातीत बुडवलं आणि फटीत घातलं. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, काठी विटांना अडली. दोन-चार ओरखडे उठले, एवढंच. माझी ओली, उघडी पाठ तशीच राहिली. पावसाळ्यात दोन्ही घरांचं पाणी त्याच फटीत पडायचं. ऊन तिथं पोचत नव्हतं.

आणि गल्लीही बदलली. मधुकररावांचं घर रस्त्यापासून मागं सरकलं होतं. पुढं ओटा, ओट्यापुढं गेट, गेटपुढं नाली. गोदावरीबाईचा हात माझ्या टोकापर्यंत यायचा आणि पुढं हवेत जायचा. मधुकररावांच्या पत्नी, गीताबाई, घरी असल्या तर लगबगीनं येऊन तिला पलीकडच्या भिंतीपर्यंत नेत. घरी नसल्या की ती माझ्यापाशी उभी राहून हाका मारी, "कोनी हाय का वं? येवढं पार करून द्या." एकदा कोणी नव्हतं. तिनं मनाचा हिय्या करून पाऊल टाकलं आणि नालीत गेली. टोपलीतले झिंगे पाण्यात उडाले. ती चाचपडत ते गोळा करत होती, आणि चिखलातून तिच्या हाताला लागत होते बहुतेक खडेच.

एशियाड झाला त्या वर्षी गल्लीत टीव्हीचे अँटेना दिसू लागले. घरं भराभर विकली जात होती. सगळ्यांना नदीकाठ हवा होता, सगळ्यांना पायी बाजार हवा होता. येणारा प्रत्येक जण आपलं घर बाजूच्यापासून सोडवून घ्यायचा. नवं घर, नवी भिंत, नवं गेट. गोपीचंदनं छत्री टाकून स्कूटर घेतली होती. घाटापर्यंत जाताना गोदावरीबाईचा हात आता किती वेळा रिकामा पडायचा, कोण जाणे. हळूहळू ती बाजारात दिसेनाशी झाली.

एका श्रावणात माझी पाठ सुटली. मातीचे लपके फटीत कोसळले. माझ्या माथ्यावरची मयाल एका बाजूनं खचली आणि घरात कवेलू घरंगळली. गोदावरीबाईनं मला दोन्ही तळहात लावले. बराच वेळ तिनं हात काढले नाहीत. ओल किती आत आली आहे, ते तिला कळलं असणार.

गोपीचंद आला. "विकून टाक, बाई. पन आधीच सांगतो, अर्धी भिंत असलेलं घर कोन घेते? घेईन तं बाजूचाच घेईन."

"अर्धी कोनं केली रे?"

गोपीचंदनं घड्याळाकडे पाहिलं. "आता ते काहाले काढतेस?"

"दुसरं घर दे मले मंग. याच गल्लीत. कोपऱ्यातली खोली चालन."

"या गल्लीत? बाई, आता इथचा भाव तुले झेपते का?"

मधुकररावांनीच घर घेतलं. करडी गावाहून गोदावरीबाईचा भाऊ खुशाल बैलगाडी घेऊन आला. तो तिला धरून गाडीकडे नेत होता. ती म्हणाली, "थांब." माझ्या टोकापाशी आली, हात ठेवला, आणि मी एवढी मऊ झाले होते की तिच्या बोटांत माझी माती आली. तिनं ती झटकली नाही. मुठीतच घेऊन गाडीत बसली.

दोन महिन्यांनी खुशाल राहिलेलं जातं न्यायला आला. मधुकररावांनी विचारलं, "बऱ्या आहेत का गोदावरीबाई?"

"बऱ्या म्हना." खुशाल जात्याकडे पाहत राहिला. "आमच्याकडची घरं येक इकडं, येक तिकडं. मंधात वाड्या, कुंपनं. उठली का हात फिरवत उभी राहते अंगनात, काई लागत नाई हाताले. पोरं हसतेत. आता उठनंच सोडलं तिनं. खाटेवर राहते. जेवन बी मांगत नाई."

"मला तर कोणी सांगितलंच नव्हतं हो," मधुकरराव म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्या दिवसासारखाच मऊ होता. "त्या भैयालालनं तेव्हा सांगितलं असतं तर..."

"तुमाले कोनी सांगतलं नाई, साहेब," खुशाल म्हणाला, "आनि तिले कोनी इचारलं नाई." त्यानं जातं खांद्यावर घेतलं आणि तो गेला.

मधुकरराव माझ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी भोजराजला बोलावलं. "पाडून टाका. गल्लीत पोरं खेळतात. कोणाच्या अंगावर जायची."

ते खरंच आहे. मी आता धोक्याचीच आहे.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, घरं घ्याल, विकाल. नदीचा वारा येतो का, बाजार किती जवळ, हे सगळं बघाल, बघायलाच हवं. पण भिंतीवर थाप मारून ती पक्की आहे का, एवढ्यावर थांबू नका. तिच्यावर पलीकडचं काय टेकलंय, तेही बघा. विकणारा सांगणार नाही, दलाल सांगू देणार नाही. तेव्हा दोन पावलं चालून बाजूच्या दारात जा आणि तिथल्या माणसालाच विचारा. तुम्ही विकणारे असाल, तर कोणी विचारायची वाट बघू नका. आणि नवी भिंत बांधाल, तेव्हा जुनीपर्यंत कोणाचा तरी हात पोचेल एवढी जागा सोडा. खोली थोडी लहान होईल. होऊ द्या.

भोजराजनं सब्बल, म्हणजे पहार, उचलली आहे. पलीकडचं घर रिकामं आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरी पहिला घाव घालायच्या आधी तो माझ्या टोकावरून पलीकडे वाकला आणि त्यानं हाक दिली,

"कोनी हाय का आतमंधी?"