शेपटीचा निळा

आमच्या घरात निळ्या रंगावरून तीन आठवडे भांडण चाललं होतं. भांडणारे दोघंच, मी आणि माझे सासरे. नवरा मधे पडत नव्हता. त्याला निळा आणि हिरवा यांतला फरक धड कळत नाही आणि आयुष्यात ही एकच गोष्ट तो न भांडता कबूल करतो.

रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. माझा पेशाच तो आहे. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी दात बनवते, आणि तो शेजारच्या खऱ्या दातांत असा मिसळून जावा लागतो की त्या माणसाच्या आईलाही पत्ता लागू नये. पांढऱ्याच्या सोळा छटांची पट्टी माझ्या टेबलावर असते. लोकांना सगळे दात पांढरेच वाटतात. लोकांचं मी मनावर घेत नाही.

घरी आले की मी विमानं रंगवते. खरी नव्हेत. नवऱ्याने मागच्या खोलीत मोटारीची जुनी सीट, विमानाचं सुकाणू आणि एक भलामोठा पडदा जोडून सिम्युलेटर उभा केला आहे. त्यातल्या विमानांच्या अंगावरची रंगसंगती, म्हणजे लिव्हरी, आपली आपल्याला करता येते. मी रंगवते, तो आपटतो, असा आमचा संसार.

सासरे मात्र खरे रंगारी. चार विमानांच्या एका छोट्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं हातात ब्रश आणि फवारा धरून विमानं रंगवली. कंपनी बंद पडली, विमानं भंगारात गेली, फोटो उरले ते कृष्णधवल. त्या विमानांच्या शेपटीचा निळा सासरे स्वतः बादलीत कालवायचे. त्याचं माप कुठे लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात होतं.

एक दिवस त्यांना फोन आला. त्या कंपनीच्या जुन्या कॅप्टनबाई महिन्याभराने गावात येणार होत्या. आमच्या सिम्युलेटरबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि आपलं जुनं विमान एकदा चालवायला मिळेल का, असं त्या विचारत होत्या. गुडघ्यांमुळे शिडी चढणं त्यांना कधीच सोडावं लागलं होतं, पण आमच्या मागच्या खोलीला शिडी नव्हती. फोन ठेवून सासरे माझ्यापाशी आले.

"सूनबाई, ते विमान व्हायला पाहिजे. जसं होतं तसं."

या माणसाने मला आजवर पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

पहिला आठवडा मजेत गेला. लिव्हरी सपाट कागदावर रंगवावी लागते. पंख एकीकडे, पोट दुसरीकडे, शेपटीचे दोन तुकडे तिसरीकडे, शिंप्याने बेतून ठेवलेल्या कापडासारखे. शिवणीवर रंगाचा पट्टा जुळला नाही तर विमान फाटकं दिसतं. सासऱ्यांना आधी यात काडीचा अर्थ दिसेना. मग एकदा पडद्यावर विमान गर्रकन फिरवून दाखवलं आणि ते खुर्ची ओढून जे बसले ते उठेनात.

"डाव्या इंजिनामागे काजळी जास्त. ते तेल प्यायचं."

"इतकी?"

"आणखी. लाजू नकोस. आणि दाराखाली ओरखडे. सामान चढवणारे काही हळुवार नव्हते."

मी ओरखडे काढले. "हा जरा लांब झाला," ते म्हणाले, "एवढा लांब काढणारा फक्त एकच जण होता आणि तो सोमवारी सुट्टीवर असायचा." आम्ही दोघं इतके हसलो की नवरा बघायला आला.

त्याच आठवड्यात त्यांनी मला बाहीचा किस्सा सांगितला. एकदा शेपटी नुकतीच रंगवून झाली होती. कॅप्टनबाईंची सवय अशी, की उड्डाणाआधी विमानाभोवती फिरायचं आणि शेपटीवर थाप मारायची. सासरे ओरडेपर्यंत थाप बसली होती. गडबडीत तीच बोटं दुसऱ्या हाताला लागली आणि पांढऱ्या सदऱ्याची बाही निळी. तशीच बाही घेऊन त्यांनी विमान नेलं आणि आणलं. त्यानंतर थाप मारण्याआधी त्या दर वेळी विचारायच्या, "काय हो रंगारी, वाळलाय ना?"

मग निळ्याची पाळी आली आणि हसणं संपलं.

सासऱ्यांनी वर्णन केलं, मी रंग लावला. त्यांनी मान हलवली. "मळका आहे. चहा सांडल्यासारखा." मी दुसरा लावला. "हाही मळकाच." तिसऱ्याला "उजळ कर," चौथ्याला "जांभळ्याकडे ने," सातव्याला नुसताच सुस्कारा. रोज लॅबमधून आले की तेच. मी डोळ्यात तेल घालून छटा जुळवत होते आणि हा माणूस प्रत्येकीत चहा बघत होता. नवव्या निळ्याला माझा पारा चढला.

"बाबा, मी दिवसभर पांढऱ्यातला पांढरा ओळखते. मला रंग कळतो."

"दातातला कळत असेल," ते शांतपणे म्हणाले.

दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त जेवणापुरतं बोलले. ते माझ्याशी तेवढंही नाही.

चौदाव्या निळ्याला त्यांनी मान हलवलीच नाही. म्हणाले, "सूनबाई, तुझं चुकत नसेल. मलाच आठवत नसेल." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "डोळे मिटले की दिसतो तो निळा. उघडले की कशाशीच जुळत नाही. तीस वर्षं एकच काम केलं, आणि तेही गेलं असेल डोक्यातून, तर मग मी होतो कोण?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्या संध्याकाळी ते म्हणतील तसा रंग मी ढकलत गेले. आणखी जांभळा, आणखी तेज. पंधरावा निळा बघून ते म्हणाले, "हं. जवळ आला." नवरा डोकावला आणि म्हणाला, "विमान शाईच्या दौतीत बुडवलंत का?" ज्याला रंग कळत नाही त्यालाही ते खुपलं. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. कॅप्टनबाई काय म्हणायचं ते म्हणोत, म्हाताऱ्याचा जीव शांत तर झाला, असं मी स्वतःला समजावलं.

कॅप्टनबाई रविवारी येणार होत्या. त्याआधीच्या गुरुवारी सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ते पेपर वाचता यावा म्हणून. रंगाशी त्याचा काही संबंध असेल असं आमच्या तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, आणि तिघांत दोघं तर रंगावर जगलेले.

शुक्रवारी पट्टी निघाली. घरात शिरताच सासरे भिंतीपाशी थबकले. "हिला पांढरा कधी दिला?"

"पाच वर्षं झाली, बाबा."

"मला पिवळट वाटायची." ते माझ्या ओढणीकडे, बादलीकडे, खिडकीच्या पडद्याकडे नुकतंच जगात आल्यासारखे बघत सुटले. मग मागच्या खोलीत गेले आणि तिथून आवाज आला, "हा भडकपणा कुणी केला?"

मी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले. "तुम्ही!"

ते माझ्यावर ओरडणार होते. तेवढ्यात त्यांनी उजवा डोळा झाकला. मग तो उघडून डावा झाकला. परत उजवा. परत डावा. आणि हळूच खुर्चीवर बसले.

"सूनबाई, या डाव्या डोळ्यात चहा आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छटा बघायला पेशंट लॅबमध्ये येतो तेव्हा मी खिडकी बघते, दिवा बघते, बाई असेल तर तिने ओठाला काय लावलंय ते बघते. बघणाऱ्याचा डोळा कसला आहे हे तेवढं बघितलं नव्हतं. माझी सगळी अक्कल सोळा छटांच्या पट्टीत अडकून बसली होती. मी धावत जाऊन जुने निळे उघडले. चौदा, तेरा, बारा. ते एक डोळा झाकून "पुढे, पुढे" म्हणत होते. दुसऱ्या क्रमांकावर त्यांचा हात वर झाला.

"थांब. हा."

"पहिलाही बघा ना."

"त्यात काळं थोडं जास्त पडलंय. तुझ्याकडून." हे म्हणताना त्यांची मान पुन्हा पूर्वीसारखी ताठ झाली होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते पोटभर जेवले.

तरी शनिवारी ते पुन्हा कुरकुरले. नव्या डोळ्यानेही फसवलं तर? खरा निळा तर आता जगात कुठेच नव्हता, मग पारख कशावर करायची? मी "हाच आहे" म्हणत राहिले, पण मी तो कुठे बघितला होता?

रविवारी सकाळी कॅप्टनबाई आल्या. हातात काठी आणि एक कागदी पिशवी. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या, थेट मागच्या खोलीत. सीटवर बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला पांढरा सदरा काढला.

"रंगारी, हा धुतला, पण डाग गेला नाही. मग म्हटलं राहू दे. इतकी वर्षं कपाटात अंधारात होता."

बाहीवर चार बोटांचा निळा ठसा होता.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. परीक्षेच्या निकालाचा कागद समोर यावा तसे ते त्या बाहीकडे बघत राहिले. मी खिडकी सताड उघडली आणि बाही पडद्यावरच्या शेपटीशेजारी धरली. माझी सवय अशी, की पाच सेकंद बघायचं आणि नजर काढून घ्यायची, कारण डोळे थकले की खोटं बोलतात. मी पाच सेकंद बघितलं. मग नजर काढली नाही. काढायची गरजच नव्हती.

"तुम्ही बघा, बाबा."

सासऱ्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि वाकले. बाही, शेपटी. शेपटी, बाही. कॅप्टनबाईंना वाटलं ही काहीतरी गंमत आहे, म्हणून त्यांनीही एक डोळा झाकला.

"विसरलो नव्हतो," सासरे म्हणाले. एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. मला रडू फुटलं. नवरा विचारत होता, "म्हणजे जुळला ना? कुणीतरी सांगा ना मला."

कॅप्टनबाई सीटवर बसल्या. सुकाणूला हात लावला, पण विमान सुरू केलं नाही. नवऱ्याला म्हणाल्या, आधी बाहेरून एक फेरी मारू दे. त्याने विमान सावकाश फिरवलं. त्यांनी काजळी बघितली, दाराखालचा लांब ओरखडा बघितला, "सोमवार नव्हता वाटतं," म्हणाल्या. शेपटी समोर आली तशी त्या काठी टेकून उठल्या आणि पडद्याजवळ गेल्या. थाप मारायला उचललेला हात मधेच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं.

"काय हो रंगारी, वाळलाय ना?"

सासऱ्यांनी डोळे पुसले.

"वाळलाय, कॅप्टनबाई. मारा थाप."