ओला कोळसा

गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा रावसाहेब दिल्लीतली सरकारी नोकरी सोडून तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेत गेले. हौस दांडगी. संशोधन असं, की जमिनीखालच्या कोळशात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. कोळसा तो धरून ठेवतो आणि स्वतःजवळचा मिथेन सोडून देतो. मिथेन विकायला मोकळा.

सरकारात रावसाहेबांनी जन्मभर वीजकेंद्रांच्या कोळशाची राख मोजली होती. त्या कामात नमुना आधी ओव्हनमध्ये वाळवतात. त्यांनी इथेही वाळवला. साहेबांना विचारणार कोण!

लुंबिनीने विचारलं. ती चंद्रपूरची, त्यांच्याच शिफारशीने लागलेली, अजून प्रोबेशनवर.

"काका, जमिनीखाली कोळसा ओलाच असतो ना? मी तसाच लावून बघितला. वायू निम्माच धरतोय."

रावसाहेबांचा चेहरा पडला. "अगं, उद्या पैसे देणारे कंपनीवाले येतायत. निम्मा आकडा सांगितला की प्रोजेक्ट आटोपला. मग आधी प्रोबेशनवाले जातात. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"म्हणजे मी बोलायचंच नाही?"

"बिल्कुल नाही."

लुंबिनीला राग आला आणि भीतीही वाटली. नोकरी तिला हवीच होती; चंद्रपूरला परतून लग्नासाठी मुलं बघायचे कार्यक्रम तिला नको होते. ओल्या नमुन्याचे आकडे तिने ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत डायरेक्टर "आम के आम, गुठलियों के दाम" म्हणून हसले आणि आकडा विचारला. रावसाहेब उठले. रात्रभर त्यांनी स्वतःला समजावलं होतं, त्यातलं काहीच त्या क्षणी कामी आलं नाही.

"जो बताया था, उसका आधा," ते म्हणाले. "नमूना सुखाना नहीं था. गलती मेरी है."

पाहुण्यांनी सौजन्याने बिस्किटं संपवली आणि गेले. डायरेक्टरांनी सगळ्यांसमोर रावसाहेबांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. असा माणूस संस्थेला हवाच, म्हणाले. प्रोजेक्ट बंद झाला. रावसाहेबांना दुसरा विभाग मिळाला आणि लुंबिनीला निरोप. रावसाहेब दोनदा डायरेक्टरांकडे रदबदली करून आले. दोनदा चहा मिळाला.

तिला पोचवायला ते नवी दिल्ली स्टेशनवर गेले. पहाडगंजच्या बाजूला हमालाशी उगाच भांडले. गाडी लागली तेव्हा त्यांना राहवेना.

"चूक माझी, आणि बॅग तू भरलीस," ते म्हणाले.

लुंबिनीने त्यांची समजूत काढली नाही.